लाल गाडीतली रचलेली चूल

१

लाल गाडीत शिरल्यावर व्हर्ना सायलसने आधी मृताकडे पाहिले नाही. मृताच्या भोवताली काय आहे ते पाहिले. गावची पोलीस म्हणून ही तिची जुनी सवय होती. मेलेला माणूस आहे तिथेच राहतो. वस्तू मात्र येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी जागा बदलतात.

बाहेर बर्फमिश्रित पाऊस तिरका झोडपत होता. तिघेही चिंब भिजले होते. ऑगी लिंडक्विस्ट दाराबाहेरच घुटमळला. मान मागे टाकून त्याने छपराकडे पाहिले, कपाळावरचे पाणी निपटले आणि "चला, तेवढं तरी बरंय," असे पुटपुटत तो आत आला. तोवर पर्सी इव्हान लोखंडी चुलीपुढे गुडघे टेकून काडी ओढण्याच्या बेतात होता.

"थांब, पर्सी. चूल पेटवू नकोस."

"बोटं गळून पडायची वेळ आलीय, व्हर्ना. मेलेल्याला काय फरक पडतो?"

"त्याला नाही पडत. मला पडतो. आहे तसं राहू दे सगळं."

पर्सीने काडी पेटीत परत ठेवली. निल्टाना गावच्या बचाव पथकाचा तो प्रमुख. वाद घालायला एरवी कधी कमी पडत नसे. त्या दिवशी मात्र तो निमूटपणे उठला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

कॉर्बिन हेस नावाचा तो तरुण आपल्या झोपायच्या पिशवीत कुशीवर पडला होता. चेहऱ्यावर लोकरी टोपी ओढलेली. बूट चुलीजवळ, मोजे वरच्या तारेवर. चुलीचे दार उघडे होते आणि आत भूर्जाची साल, तिच्यावर बारीक ढलप्या, त्यावर स्प्रूसच्या झाडाची चिरलेली लाकडे अशी नीट रचून ठेवली होती. राखेचा कण नव्हता. काडेपेटी अर्धी उघडी, काड्यांची डोकी बाहेर. गारठलेल्या बोटांना एक काडी सहज ओढता यावी, अशी.

साखळीच्या पट्ट्यांवर चालणारी ही बर्फगाडी पूर्वी सर्वेक्षण करणाऱ्यांची होती. ऐन हिवाळ्यात तिचे इंजिन बंद पडले तेव्हा तिच्या चालकाने पाय मोडलेल्या सोबत्याला सोडून जायला नकार दिला. वसंतात दोघेही एकाच पांघरुणात मेलेले सापडले. ती हकिकत कशी कोण जाणे जगभर पोहोचली आणि तेव्हापासून भांडलेले मित्र, दुरावलेले भाऊ, लग्न ठरलेली जोडपी इथे एक रात्र काढायला येऊ लागली. येताना दोघे आपल्या हातमोज्यांपैकी एकेक बदलून घालत आणि जाताना ते बदललेले दोन मोजे इथे टांगून जात. छताच्या कडेने शेकडो हातमोजे लोंबत होते. गाडीपर्यंत पोहोचायला निल्टाना नदी ओलांडावी लागे आणि हिमनदीचे ते राखाडी पाणी दर एकदोन वर्षांनी कुणाला ना कुणाला गिळत असे.

"गारठून गेला," ऑगी हळू आवाजात म्हणाला. "चूल समोर, लाकडं रचलेली, आणि बेट्याला काडी ओढायचं त्राण राहिलं नाही."

सर्वांना तसेच वाटले. हेलिकॉप्टरने प्रेत शहरात गेले. दोन दिवसांनी राज्य पोलिसांचा सार्जंट ॲबट व्हर्नाच्या कचेरीत आला आणि टोपी काढून बसला.

"तो थंडीने मेला नाही," तो म्हणाला. "रक्तात कार्बन मोनॉक्साइड सापडला. कोंडलेल्या धुराने मेला तो."

व्हर्ना पुढे झुकली.

"पण त्या गाडीत चूल पेटलेलीच नव्हती."

"तेच म्हणतो मी," ॲबट म्हणाला. "मग दुसरं काहीतरी पेटलेलं होतं. आणि पेटणारी वस्तू त्या मुलीच्या पिशवीत होती."

२

ती मुलगी म्हणजे डेसा मॉरो. कॉर्बिनशी तिचे लग्न ठरले होते. प्रेत तिनेच पाहिले आणि गावाच्या वाटेवर धावत येऊन ऑगीची गाडी तिनेच थांबवली होती. आता कचेरीच्या मागच्या खोलीत ती बंद होती. धुके दरीत उतरून बसले होते. ते उठले की शहरातून विमान येणार आणि तिला घेऊन जाणार. मग तिच्यावर खुनाचा आरोप ठेवला जाणार, हे ॲबटने तिच्यापासून लपवले नव्हते.

व्हर्नाने तिच्यासमोर सॅमन माशाच्या रश्शाचा वाडगा ठेवला.

"मला नको," डेसा म्हणाली.

"नको असू दे. हात तरी शेकून घे त्यावर. नदीपाशी भांडण कशावरून झालं?"

"तुम्हाला सगळं माहितीय. ऑगीच्या खानावळीत सगळ्यांनी ऐकलं."

"खानावळीत ऐकलेलं मी धरत नाही. तिथे जेवणाबरोबर तिखटमीठ फुकट मिळतं."

डेसाच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या.

"भांडण आधीपासूनच चालू होतं. मिटवायलाच तर आलो होतो इथे. नदी बघितली आणि मी म्हटलं, मी नाही उतरणार. तो म्हणाला, मग लग्न तरी कशाला करतेस? मी म्हटलं, मग नको करू या. तो एकटा उतरला. पलीकडे पोचून त्याने हातसुद्धा केला नाही. मग पाऊस आला, पाणी वाढलं आणि मी अलीकडे तंबूत अडकले. पाणी उतरल्यावर गेले, तर..."

"तंबू तुझ्याकडे. आणि गॅसची शेगडी?"

"तीही माझ्याकडेच. त्याच्याकडे झोपायची पिशवी होती आणि खायचं सामान."

"म्हणजे त्याच्याकडे पेटवायला काहीच नव्हतं."

"सार्जंटही हेच म्हणाले. म्हणून तर मी इथे आहे ना? ते म्हणतात, मी आधीच पलीकडे गेले, तो झोपल्यावर शेगडी आत पेटवून ठेवली आणि दार ओढून बाहेर आले." तिने वाडग्याभोवती हात घट्ट केले. "तुम्हाला पण तसंच वाटतं?"

 व्हर्नाने खोलीतल्या चुलीकडे बोट दाखवले. "ती विझलीय. लावतेस का जरा?"

डेसाने वर्तमानपत्राचे मोठाले बोळे आत कोंबले, त्यांवर दोन जाडजूड ओंडके ठेवले आणि काडी लावली. कागद भडकला, खोलीत धूर झाला आणि ओंडके होते तसेच राहिले. तिने आणखी कागद घातला.

"घरी हे कोण करायचं?"

"घरी बटण आहे," डेसा म्हणाली.

ॲबट दारात उभा राहून हे पाहत होता. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "न येण्याचं सोंग करता येतं."

"येतं ना. पण त्यासाठी ही परीक्षा कशाची आहे हे तिला कळायला हवं. गाडीतली चूल कशी रचलेली होती ते मी तुम्हाला सांगितलंय. खाली साल, मग ढलप्या, मग लाकूड, काड्यांची डोकी बाहेर. आमच्याकडे कुणाचंही झोपडं सोडताना चूल अशी रचून जायची असते. मागून येणारा ओला असेल, अर्धमेला असेल. त्याच्याकडून एक काडी ओढणं तेवढं होईल. आईच्या मांडीवर शिकतो आम्ही हे."

"मग कुणीतरी केव्हातरी रचून ठेवली असेल. तिचा याच्याशी काय संबंध?"

व्हर्नाने पुराव्याच्या गोणीतून कॉर्बिनचा उजवा बूट काढून मेजावर ठेवला. टाचेपासून चवड्यापर्यंत रबरी तळ वाकून वर आला होता आणि चुलीकडच्या बाजूला फुगून चकचकीत झाला होता.

"हा बूट घालून माणूस चालू शकला नसता. तो चालत गाडीपर्यंत गेला. म्हणजे बूट तिथे पोचल्यावर वाकला. न पेटलेल्या चुलीशेजारी."

ॲबटने बूट हातात घेऊन उलटसुलट पाहिला. तो विचार करणारा माणूस होता. "गॅसच्या शेगडीजवळही वाकेल," तो अखेर म्हणाला.

"वाकेल. पण मग दोन्ही बूट चुलीला कवटाळून कशाला बसले असते?"

"मग चूल पेटली होती म्हणता? राख कुठे गेली?"

"कुणीतरी काढली. आणि तो मेलेला असताना, त्याच्याशेजारी बसून, कुणीतरी नवी लाकडं रचली." व्हर्नाने बूट परत गोणीत टाकला. "आणि तो माणूस आमच्यातला होता."

३

शिकारीचे दिवस होते. नदीच्या पलीकडे मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी गावातल्या तीनच घरांचे तळ पडले होते आणि वरच्या रुंद पात्रातून होडीने ये-जा करता येते हे डेसासारख्या परक्या मुलीला ठाऊक असायचे कारण नव्हते. एक तळ ऑगीचा. दुसरा पर्सीचा. तिसरा मायराआत्याचा, म्हणजे व्हर्नाच्या वडिलांच्या बहिणीचा. आई गेल्यावर व्हर्नाला तिनेच वाढवले होते.

व्हर्ना आधी तिच्याकडे गेली. अवघड घर आधी उरकून टाकलेले बरे, असा तिचा हिशेब होता.

मायराआत्या मूसचे मांस पट्ट्यापट्ट्यांनी कापत बसली होती. काठी मांडीवर आडवी. "बस. हातात सुरी घे. चौकशी करायला आलीस तर फुकट नाही करायची."

व्हर्नाने सुरी घेतली. "लाल गाडीकडे गेली होतीस, आत्या?"

"या कमरेनं? मला तळावर नेताना नातवंडांनी स्लेजवर घातलं, बटाट्याच्या पोत्यासारखं. तिथून इथे आणलं तेही तसंच. आणि त्या गाडीत मी पाऊल टाकत नाही. दोन माणसं मेली त्यात, तर लोक देऊळ करून बसलेत. आपली कितीतरी माणसं त्या दरीत मेली, त्यांच्यासाठी कुणी हातमोजा टांगला का?"

"कुणाला तिकडे जाताना पाहिलंस?"

"धूर पाहिला," म्हातारी म्हणाली. "म्हणजे दिसायला हवा होता, तो दिसला नाही. नातू म्हणाला, आजी, गाडीच्या बाजूने धुराचा वास येतोय. मी म्हटलं, मग धुराचा खांब दिसेल की. तो काही दिसला नाही. वास मात्र येत होता." तिने मांसाचा पट्टा दोरीवर टाकला. "जाड कापतेस तू. नेहमीचंच."

पर्सी आपल्या कार्यशाळेत स्लेजची खालची, बर्फावर घसरणारी फळी तासत होता. व्हर्ना दिसली तरी त्याने रंधा खाली ठेवला नाही.

"मी तुला आधीच सांगून ठेवतो," तो म्हणाला. "ती गाडी तिथून उचला, नाहीतर मी तिला आग लावीन. गावाच्या परिषदेत दरवर्षी बोंबलतोय. हे येतात, गाणी म्हणतात, रडतात, एकमेकांना मिठ्या मारतात आणि मग आम्ही त्यांना पाण्यातून ओढून काढायचं! माझं पथक काय त्यांच्या बापाचं नोकर आहे?"

"या खेपेला तळावरून तू तिकडे गेला होतास?"

"मला काय नवस फेडायचा होता?" रंधा जोरात फिरला. मग त्याचा आवाज उतरला. "तुला माहितीय, व्हर्ना, मी तिकडे का जात नाही."

तिला माहीत होते. सगळ्या गावाला माहीत होते. पर्सीचा मुलगा ड्वाइट एका वाट चुकलेल्या जोडप्याला शोधायला नदी ओलांडून गेला होता. जोडपे सुखरूप घरी परतले. ड्वाइट ओल्या कपड्यांनी गाडीपर्यंत पोहोचला. पण तिथली चूल फुटलेली होती आणि यात्रेकरूंनी आसपासची एकूण एक वाळकी काटकी जाळून टाकलेली होती. सकाळी पर्सीनेच त्याचे गोठलेले प्रेत बाहेर काढले.

"माहितीय," ती म्हणाली आणि निघाली.

ऑगीने तिला आपल्या पट्ट्यांच्या गाडीतून नदीपार नेले. यात्रेकरूंना पलीकडे नेणे हा त्याचा उन्हाळ्याचा धंदा होता आणि तोंड बंद ठेवणे हा त्याचा स्वभाव नव्हता.

"माझ्यावर संशय आहे का तुझा? असला तर सांग, परतीचं भाडं आत्ताच मागून घेतो."

"तू त्या दिवशी गाडीच्या दारात थांबून वर काय बघत होतास?"

"कधी? हां, तेव्हा! डबा आहे का ते. पर्सी चूल लावायला निघालेला, मग वर डबा असला तर? सगळे गुदमरलो असतो की. नव्हता. म्हणून आत आलो." त्याने खांदे उडवले. "आता हे काय विचारणं झालं? तू नाही बघत?"

व्हर्नाही पाहत असे. या दरीत सगळेच पाहतात. झोपडी सोडताना चूल रचायची आणि धुराड्यावर कॉफीचा रिकामा डबा पालथा घालायचा, म्हणजे पाऊस, बर्फ, खारी आत शिरत नाहीत. आणि आलेल्याने आधी डबा काढायचा, मगच काडी ओढायची. हे कुणी कुणाला सांगत नाही. कुठल्या दारावर लिहून ठेवलेले नाही. लिहायला हवे असे आजवर कुणाच्या मनातही आले नव्हते.

गाडीच्या मागची शिडी कधीच गंजून पडली होती. व्हर्ना पुढच्या इंजिनावर चढली, तिथून पोटावर सरपटत छपरावर गेली. धुराडे काजळीने आणि गंजाने काळेतांबडे झाले होते. फक्त तोंडापाशी, तळहाताएवढ्या उंचीचा, सगळीकडून सारखा, स्वच्छ राखाडी पट्टा होता. जणू कुणी टोपी घातली होती आणि नुकतीच काढली होती.

"काय सापडलं?" खालून ऑगीने ओरडून विचारले.

 व्हर्नाच्या डोळ्यांपुढे आता छप्पर नव्हते. चुलीपुढे गुडघे टेकलेला एक माणूस होता.

४

परतताना व्हर्नाचे वाटेकडे लक्ष नव्हते. तिने सगळे एकदा मनाशी क्रमाने लावून पाहिले. एकदा लावून समाधान झाले नाही म्हणून पुन्हा लावले.

कॉर्बिन भिजून गाडीत आला. समोर चूल रचलेली, काड्या तयार. त्याने देवाचे आभार मानले असतील आणि काडी ओढली असेल. वर डबा असेल हे त्याला कोण सांगणार? लाकूड वाळलेले होते, सुरुवातीला धूर थोडाच झाला; दमलेल्या माणसाने तो सोसला, चेहऱ्यावर टोपी ओढली आणि झोपी गेला. लाकडे नुसती धुमसत राहिली. धूर वर गेला नाही, फटींतून बाहेर झिरपला. म्हणून आत्याच्या नातवाला वास आला आणि खांब दिसला नाही. मागाहून कुणीतरी आले. डबा काढला, राख काढली. पुरावा लपवायचा होता तर तेवढेच पुरे होते. पण त्या माणसाने त्यानंतर चूल पुन्हा रचली. तसे करून त्याला काहीच मिळणार नव्हते. ते हातांनी आपोआप केलेले काम होते.

मायराआत्या इंजिनावर चढू शकत नव्हती आणि छपरावर गेल्याशिवाय डबा निघत नव्हता. ज्या नातवाने तिला वास आल्याचे मोकळेपणाने सांगितले, तो तिकडे जाऊन लपवाछपवी करून आलेला नसणार. ऑगीने दारात थांबून वर पाहिले होते. ज्याने डबा स्वतः काढला तो पुन्हा वर कशाला पाहील? राहिला एकच. तो तसाच आत शिरला होता आणि वर न पाहता त्याने काडी हातात घेतली होती. वीस हिवाळे ज्याने वर पाहिल्याशिवाय एकही काडी ओढली नव्हती, तो पर्सी.

तो तिचा मावसभाऊ होता. तिचा नवरा नदीत बुडाला, तेव्हा प्रेत सापडेपर्यंत काठ न सोडणारा तोच होता. बचाव पथक त्याच्यावर उभे होते. आणि धुके पातळ होऊ लागले होते. डोंगराची कड आता दिसत होती.

कार्यशाळेत ती दार लोटून घेऊन उभी राहिली.

"त्या दिवशी तू वर बघितलं नाहीस, पर्सी."

त्याने विचारले नाही, कुठे वर. रंधा त्याच्या हातात होता, तो त्याने हलकेच बाजूला ठेवला.

"नाही बघितलं," तो म्हणाला.

"चूल कधीपासून रचतोयस?"

"ड्वाइट गेल्यापासून." तो स्लेजच्या कडेवर बसला. "फुटलेला पत्रा मी बदलला. लाकडं होडीतून नेत होतो. ढलप्या इथल्याच. वाटलं, निदान इथे पोचलेला माणूस तरी थंडीनं मरायला नको. कुणाचाही पोरगा असो."

"आणि परिषदेत गाडी जाळा म्हणून ओरडत होतास."

"तेही खरंच होतं! दोन्ही खरं होतं. तुला नाही समजायचं?"

"समजतं."

"डबा मी घातला, व्हर्ना. घालताना विचारसुद्धा आला नाही मनात. निघताना डबा घालायचा, बस. माझ्या डोक्यात येणारा माणूस म्हणजे आपल्यासारखाच कुणीतरी. तो पोरगा कुठून आला, त्याला काय ठाऊक..." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तळावरून सकाळी मी गेलो तेव्हा तो गार पडला होता. डबा काढून फेकला नदीत. राख काढली. मग भानावर आलो तर माझ्या हातात भूर्जाची साल होती. रचून झाली होती चूल. मला मोडवेना."

"तेव्हाच येऊन सांगायचंस."

"काय सांगणार होतो? माझ्या पोराच्या नावानं मी दुसऱ्याचं पोर मारलं, म्हणून? वाटलं, थंडीनं गेला म्हणतील. कुणाचाच दोष नाही. सगळे मोकळे."

"आणि मग तिला पकडलं."

पर्सीने कपड्यांवरच्या ढलप्या झटकल्या.

"तुझ्या वाटेवरूनच कचेरी लागते," व्हर्ना म्हणाली. "मागच्या खोलीची खिडकी रस्त्यावर आहे. रोज तिच्यासमोरून गेलास तू."

"पुरावा नाही म्हणून सोडतील, असं वाटत होतं."

"सोडणार नाहीत. धुकं उठतंय."

 "तू न बोललीस तर?" त्याने विचारले, पण ते मागणे नव्हते. शेवटची एक फळी पायाने चाचपून पाहावी, तसे ते होते.

"डबा घातलास त्याला कुठलाच कायदा गुन्हा म्हणणार नाही. मीही म्हणणार नाही. पण ती मुलगी आत बसली त्या दिवसापासूनचं सगळं तुझं आहे, पर्सी. ते माझ्या अंगावर टाकू नकोस. कोट घाल."

त्याने कोट घातला.

५

ॲबटने सर्व ऐकून घेतले. मधे एकदाही अडवले नाही. मग त्याने एवढेच विचारले, "छपरावरचा पट्टा मला बघता येईल?" व्हर्नाने होकारार्थी मान हलवली, तेव्हा त्याने फोन उचलून शहरात कळवले की विमान येऊ द्या, पण मुलगी आरोपी म्हणून येणार नाही. पर्सीला मात्र जबाब द्यायला यावे लागेल. पुरावा नाहीसा केल्याचे आणि खोटे बोलल्याचे उत्तर त्याला द्यावे लागेल.

"आधी तिला सांगू द्या," पर्सी म्हणाला.

मागच्या खोलीचे दार उघडले. डेसा खाटेवर बसली होती. पर्सी उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून थांबला आणि हातातली टोपी गोल गोल फिरवत त्याने सांगितले. चूल कुणी रचली, डबा कुणी घातला, तो का घालतात, सकाळी काय पाहिले आणि काय लपवले. स्वतःच्या मुलाविषयी तो एक शब्द बोलला नाही. ते व्हर्नाने सांगितले, थोडक्यात, कारण ते न सांगणेही एक प्रकारचे लपवणेच झाले असते.

डेसा उठून उभी राहिली.

"मी इथे रडत बसले होते," ती म्हणाली. "ते मला रोज विचारत होते, शेगडी केव्हा पेटवलीस, केव्हा विझवलीस. मला वाटायला लागलं होतं की मीच केलं असेल. झोपेत, रागात, कसंतरी मीच केलं असेल. आणि तुम्हाला माहीत होतं!"

"हो."

"त्याची आई मला फोनवर काय म्हणाली, ऐकायचंय? ऐकायचंय तुम्हाला?"

"तू सांगशील ते ऐकेन."

तिने सांगितले नाही.   खिडकीबाहेर दरी मोकळी झाली होती आणि दूरवर विमानाची घरघर ऐकू येऊ लागली होती. कुणीच तिकडे पाहिले नाही.

मग तिने वेगळ्याच आवाजात, जवळजवळ लाजत, विचारले, "मी इकडे तंबूत बसून त्याला शिव्या देत होते. मनात म्हणत होते, गारठू दे मेल्याला. तो... त्याला खूप थंडी वाजली असेल का?"

पर्सीची टोपी फिरायची थांबली. या प्रश्नाचे उत्तर त्या खोलीत फक्त त्याच्याकडे होते आणि स्वतःच्या मुलाच्या बाबतीत हेच उत्तर त्याला कधीही मिळणार नव्हते.

"नाही, पोरी," तो म्हणाला. "चूल पेटली होती. आत चांगली ऊब धरली होती. पिशवीची चेनसुद्धा त्याने अर्धी उघडली होती, इतकी. थंडी नाही वाजली त्याला. झोपला तो."

डेसा खाली बसली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि पकडल्या दिवसापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. पर्सी हलला नाही, जवळ गेला नाही. जायचा आपल्याला हक्क नाही, हे त्याला समजत होते.

ॲबटने मेज पुढे ओढले आणि जबाबाचा कागद समोर घेतला. "सुरुवातीपासून सांगा, इव्हान. सावकाश."

पर्सीने सांगायला सुरुवात केली. तो सार्जंटकडे पाहत नव्हता. मान वर करून त्या मुलीकडे पाहत होता, आणि ती ऐकते आहे याची खात्री करून घेतल्याशिवाय पुढचे वाक्य बोलत नव्हता.